स्वस्तातली फ्रोझन पाकिटं निवडायची कशी? ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

ऐरोली, महापे, घणसोली भागात नोकरीला लागून पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. दुसरी पाळी संपवून रात्री साडेदहाला लोकलमधून उतरायचं, मेसचा डबा आठ वाजल्यापासून दाराशी थंडगार पडलेला, आणि खालचं पोळीभाजी केंद्र बंद झालेलं. अशा वेळी फ्रीझरमधलं एक पाकीट खरोखर आधार देतं. पण सुरुवातीची चार पाकिटं वाईट निघाली की माणूस कायमचा शिक्का मारून टाकतो, ‘फ्रोझन म्हणजे बेचव’. त्यात पाकिटाचा दोष कितीदा असतो आणि आपला कितीदा, हे मला वहीत नोंदी ठेवायला लागल्यावर कळलं.

माझी ही वही तीन वर्षांची आहे. पहिले सहा महिने मी कंपनीप्रमाणे गुण देत होते. मग एका शनिवारी माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीने आणि मी, ठरवून नव्हे, एकाच कंपनीच्या मलबार पराठ्याचं पाकीट दोन वेगळ्या दुकानांतून आणलं. किंमत एक, बॅच क्रमांकसुद्धा एक. दोन्ही एकाच तव्यावर भाजले. एकाचे पदर हाताने सुटत होते, दुसरा कडेला कडक आणि मध्ये वातड. ती म्हणाली, “ताई, हा आपण बिघडवला का?” आम्ही बिघडवला नव्हता. तो दुकानातच एकदा वितळून पुन्हा गोठला होता. तेव्हापासून मी आधी दुकानाला गुण देते आणि मग पाकिटाला. खालची सगळी पद्धत त्यातूनच आली आहे.

आधी थंडीचं गणित

फ्रोझन अन्न −१८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवायचं असतं. कारखान्यात पदार्थ खूप झपाट्याने गोठवतात, त्यामुळे त्यातल्या पाण्याचे बर्फकण बारीक राहतात. हळूहळू गोठलं तर कण मोठे होतात, भाजीच्या पेशी फाडतात, आणि गरम केल्यावर सगळं पाणी सुटून भाजी लिबलिबीत होते. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने लॅब्राडोरमध्ये पाहिलं की कडाक्याच्या थंडीत झटक्यात गोठलेला मासा वितळल्यावरही ताज्यासारखा लागतो. १९२० च्या दशकात त्याने त्यावरून झटपट गोठवण्याची यंत्रं उभी केली. आजचा सगळा धंदा त्याच तत्त्वावर चालतो. पण कारखान्याने कितीही नीट गोठवलेलं असो, वाटेत थोडं वितळलं आणि दुकानाच्या किंवा आपल्या फ्रीझरमध्ये हळूहळू परत गोठलं, की ती सगळी मेहनत वाया गेली.

दुकानात

डी-मार्ट, रिलायन्स स्मार्ट, स्टार बाजार, की सोसायटीखालचं किराणा दुकान, याने फारसा फरक पडत नाही. त्या फ्रीझरची निगा कोण कशी ठेवतो, याने पडतो. मी या गोष्टी पाहते.

काचेच्या दाराचा उभा फ्रीझर असेल तर आकडा दिसतो का, तो −१८ च्या आसपास आहे का. वरून उघडणारा आडवा फ्रीझर असेल तर आतल्या बाजूला माल भरण्याची मर्यादा दाखवणारी रेघ असते. त्या रेघेच्या वर रचलेली पाकिटं पुरेशी थंड राहत नाहीत, वरची चळत कितीही नीटनेटकी दिसली तरी ती घेऊ नका. हात घालून खालचं काढा, मात्र तारीख वाचून.

मग पाकीट हातात घेऊन हलवा. मटार, मका, मिक्स भाजी खुळखुळ्यासारखी वाजली पाहिजे. आत एकच दगड झाला असेल तर ते पाकीट वितळून गोठलेलं आहे. पराठ्याच्या कडा सपाट हव्यात, एका बाजूला मुडपलेल्या असतील तर मऊ पडलेले असताना कुणीतरी त्यांना उभं ठेवलं होतं. मोमोचं पाकीट बोटांनी चाचपा, प्रत्येक मोमो सुटा लागला पाहिजे. पाकिटाच्या आत पांढरा बर्फाचा भुगा साचलेला असेल तर मी ते सरळ परत ठेवते.

एकाच दुकानात तीनदा असं दिसलं तर त्या दुकानातून फ्रोझन घेणं बंद. बाकी किराणा खुशाल घ्या.

घरापर्यंत

इथे ठाणेकरांना एक कळकळीची सूचना. तुम्ही कासारवडवलीला राहत असाल आणि खरेदी माजिवड्याला करत असाल, तर संध्याकाळी घोडबंदर रोडची कोंडी तुमचं पाकीट खाऊन टाकते. मे महिन्यात रिक्षात पाऊण तास म्हणजे नगेट्स एकमेकांना चिकटलेच. फ्रोझन माल घराच्या सगळ्यात जवळच्या बऱ्या दुकानातूनच घ्या, तिथे पाच रुपये जास्त गेले तरी चालतील. नवी मुंबईत हे सोपं आहे, बहुतेक सेक्टरमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर काहीतरी सापडतं.

चंदेरी अस्तराची थंड पिशवी मिळते, ती एकदा घेऊन ठेवा. नसेल तर सगळी फ्रोझन पाकिटं एकमेकांना चिकटवून वर्तमानपत्रात गुंडाळा. एकत्र राहिली की ती एकमेकांना थंड ठेवतात, कांदेबटाट्यांत विखुरली की लगेच मऊ पडतात. बिलाच्या रांगेत जाण्याआधी सगळ्यात शेवटी फ्रीझरकडे जा, हे ओघाने आलंच.

तुमचा फ्रिज कोणता आहे?

भाड्याच्या घरात बहुधा एकदारी फ्रिज असतो. त्यातला बर्फाचा कप्पा बर्फ जमवतो, पण −१८ पर्यंत सहसा उतरत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे आइस्क्रीम. रात्री ठेवलेलं आइस्क्रीम सकाळी चमचा न जाण्याइतकं घट्ट असेल तर कप्पा चांगला. चमचा सहज गेला तर तो कप्पा फार काळ साठवणीचा नाही.

काही पाकिटांच्या मागे तक्ता छापलेला असतो. त्याचा ढोबळ हिशोब असा: −६ अंशांच्या कप्प्यात आठवडाभर, −१२ मध्ये महिनाभर, −१८ मध्ये छापील तारखेपर्यंत. म्हणजे पाकिटावर नऊ महिन्यांची मुदत असली तरी एकदारी फ्रिजवाल्याने ते आठवड्या-दोन आठवड्यांत संपवावं. एका वेळी एक किंवा दोनच पाकिटं आणा. ‘दोनवर एक फुकट’ ही योजना दोनदारी फ्रिज असणाऱ्यांसाठी आहे.

मागची बाजू वाचायची सवय

पुढचं चित्र सोडा, पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. ‘पनीर पराठा’ असं नाव असेल तर पनीरपुढे कंसात टक्के छापलेले असतात. मैदा पहिला, मग पाणी, मग पाम तेल, आणि पनीर त्यानंतर एकेरी आकड्यात, असं असेल तर तो पनीरच्या नावाचा मैद्याचा पराठा. त्याची किंमत साध्या पराठ्याएवढीच असेल तर घ्या, पनीरची किंमत देऊ नका.

मीठ हा माझ्या काळजीचा विषय आहे, कारण आठवड्यातून चार रात्री पाकिटावर काढणारी मुलं मी आजूबाजूला पाहते. तक्त्यात सोडियम १०० ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, एक चमचा. समजा पाकिटावर ५०० मिलिग्रॅम लिहिलं आहे आणि तुम्ही २५० ग्रॅम खाल्लं, तर एका जेवणात १,२५० झाले. वर लोणचं आणि सॉस घेतला की दिवसाचा हिशोब संपला. त्या दिवशी सोबत काकडी, दही, फळ घ्या, लोणचं नको.

हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. चारजणांच्या फ्लॅटमध्ये फ्रीझर एकच असतो, तेव्हा आधीच विचारून कप्पे ठरवून घ्या. आणि १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक नसलेलं घरगुती फ्रोझन पाकीट दुकानात दिसलं तर ते कुणी केलंय हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

कशापासून सुरुवात करावी

पहिल्या महिन्यात सोप्याकडून अवघडाकडे जा. मटार आणि मका बिघडवणं जवळपास अशक्य आहे. पण डिसेंबर-जानेवारीत तुर्भ्याच्या एपीएमसीत ताजा मटार भरभरून येतो आणि कोपरखैरणेच्या बाजारातही स्वस्त होतो. तेव्हा गोठवलेला घेऊ नका, तो जून ते ऑक्टोबरसाठी. खवलेला फ्रोझन नारळ मात्र बारा महिने घ्या. पोहे, उसळ, आमटी, कशावरही चिमूटभर घातला की पाकिटाचं जेवण घरचं वाटायला लागतं.

त्यानंतर पराठे. मग टिक्की, फ्राइज, नगेट्स. मग मोमो. भात-करीची तयार थाळी सगळ्यात शेवटी, कारण ती महाग असते आणि तिच्यात चुकण्याच्या जागा जास्त. थाळी निवडताना एवढं लक्षात ठेवा की दाटसर रस्सा, राजमा, छोले, डाळ, भात हे गोठवणं चांगलं सोसतात. बटाट्याच्या मोठ्या फोडी स्पंजासारख्या होतात. पनीर कोरडं आणि भुसभुशीत होतं. दह्याच्या कढीसारखे पदार्थ फाटतात. दोन थाळ्या एकाच किमतीच्या असतील तर मी डोळे मिटून राजमा-भाताकडे जाते.

गणपतीत ठाण्यात ठिकठिकाणी गोठवलेले उकडीचे मोदक दिसतात. ते मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तांदळाची उकड कडक होते आणि चिरते. मोदक न वितळवता ओल्या फडक्यावर ठेवून मोदकपात्रात पुन्हा उकडा, कळी उघडू न देता पारी मऊ होते.

शिजवताना

पहिल्यांदा अगदी पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच करा. स्वतःची अक्कल दुसऱ्या वेळी. नाहीतर गुण पाकिटाला दिले की स्वतःला, हे कळत नाही. बहुतेक पाकिटांवर ‘वितळवू नका’ लिहिलेलं असतं आणि ते महत्त्वाचं आहे.

पराठ्याचं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त खाल्ला जाणारा तोच. तवा मध्यम आचेवर तापू द्या. पराठा फ्रीझरमधून काढून थेट तव्यावर टाका, प्लास्टिकचा कागद काढायला विसरू नका. पहिली अर्धा मिनिट तो नुसता घाम फुटल्यासारखा ओला दिसतो. उलटा. मग दर अर्ध्या मिनिटाला उलटत राहा, झाऱ्याने कडा हलक्या दाबा, मधला भाग दाबू नका, तिथे पदर फुगायचे असतात. वरून तेल घालू नका, मलबार पराठ्यात ते आधीच भरपूर असतं आणि तव्यावर आपोआप सुटतं. दोन्ही बाजूंनी तांबूस ठिपके आले की ताटलीत काढा आणि दोन्ही तळव्यांनी कडेकडून आत चुरगळा, टाळी वाजवल्यासारखं. हात भाजतो, स्वच्छ फडकं घ्या. त्याने पदर सुटतात. न चुरगळलेला पराठा आणि चुरगळलेला पराठा, मी स्वतः यांत दीड गुणाचा फरक दिला आहे.

तळायचे पदार्थ कढईत एकदम ओतले की तेल थंड पडतं आणि टिक्की ओशट होते. तेल १७५ ते १८० अंश तापलेलं हवं. घरी थर्मामीटर नसतो, म्हणून एक फ्राय टाकून पाहा, भोवती लगेच जोरात बुडबुडे आले की तेल तयार. चार-पाच तुकडेच एका वेळी. पाकिटातला बर्फाचा भुगा तेलात गेला तर तेल उडतं, आधी झाडून टाका.

मायक्रोवेव्हची वेळ पाकिटावर ठरावीक वॅटसाठी दिलेली असते. ९०० वॅटला चार मिनिटं लिहिली असतील आणि तुमचा ७०० वॅटचा असेल तर पाच मिनिटांच्या थोडं वर लागतील. मध्ये एकदा ढवळा, शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवा. कडा उकळत्या आणि मध्यभागी बर्फ, ही तक्रार बहुधा तेवढ्याने मिटते. चिकनच्या पाकिटावर ‘शिजवलेलं’ की ‘शिजवायचं’ हे नीट वाचा. बाहेरून सोनेरी दिसणारे कितीतरी नगेट्स आतून कच्चे असतात. आतला भाग ७५ अंशांपर्यंत तापला पाहिजे, म्हणजे मधोमध मोडल्यावर वाफ यावी आणि गुलाबी कुठेही दिसू नये.

गुण देणं

आता वही उघडा. वर तारीख, दुकान, किंमत, वजन, आणि दुकानातून घरी यायला लागलेली मिनिटं. मग दहापैकी गुण. माझी वाटणी अशी: चवीला ४, पोताला ३, पोट भरण्याला २, कष्टाला १. तुम्हाला ती बदलावीशी वाटेल, बदला. पण एकदा ठरवली की सहा महिने तीच ठेवा, नाहीतर मार्चमधले गुण ऑगस्टशी ताडून पाहता येत नाहीत.

पहिले दोन घास सॉस, लोणचं, चटणी काहीही न लावता खा. सॉसने सगळंच सारखं लागतं. जिभेवर मसाला आधी येतो की मीठ, गिळल्यावर तेलाचा थर राहतो का, खवटपणा आहे का, एवढं पाहा. पोतासाठी एक तुकडा बाजूला ठेवून दहा मिनिटांनी चाखा. गरम असताना कुरकुरीत सगळंच असतं. दहा मिनिटांत सादळतं ते डब्यात न्यायच्या कामाचं नाही. पोटाचे २ गुण लगेच देऊ नका, दोन तासांनी द्या. नगेट्सना मी इथे बऱ्याचदा शून्य दिलं आहे, कारण मध्यरात्री परत बिस्किटं शोधावी लागली.

किंमत मी गुणांत मिसळत नाही, शेजारी वेगळी लिहिते, ताटामागे. समजा १२० रुपयांत पाच पराठे आले, म्हणजे एक २४ रुपयांचा. माझं पोट दोनात भरतं, सोबत १५ रुपयांचं दही. ताट ६३ रुपये. त्याखाली एक प्रश्न लिहिते: एवढ्या पैशांत खाली काय मिळालं असतं? ठाणे स्टेशनला उतरून कुंजविहारचा गरम वडापाव खाता येण्यासारखा असेल, तर सहा गुणांची फ्रोझन टिक्की कशाला हवी? पण रात्री अकरा वाजता, पावसात, घणसोलीच्या चौथ्या मजल्यावर त्याच टिक्कीचं मोल वेगळं असतं. म्हणून वहीत ‘कधी खाल्लं’ हाही रकाना ठेवा.

आणि निकाल पहिल्या दिवशी लावू नका. उघडलेलं पाकीट हवा काढून, तोंड घट्ट गुंडाळून, रबर लावून स्टीलच्या डब्यात परत ठेवा. आठवड्याने उरलेलं करून पाहा आणि दुसऱ्यांदा गुण द्या. हवा लागलेल्या जागी पदार्थ सुकतो, पांढुरके चट्टे पडतात, फ्रीझरचा वास धरतो. माझ्या वहीत एक मेथी पराठा पहिल्या दिवशी ८ वर आहे आणि नवव्या दिवशी ५ वर. एका साध्या आलू टिक्कीला दोन्ही वेळा ७ आहेत. महिन्याचं सामान भरताना मी टिक्की घेते.

बिघडलेलं निघालं तर

पाकीट फेकण्याआधी फोटो काढा, बॅच क्रमांक, तारीख आणि बिल दिसेल असे. एकदा मी आणलेल्या मोमोंना आंबूस वास येत होता आणि मी चिडून सगळं कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी दुकानात नुसतं बोलून काहीच झालं नाही, कारण दाखवायला हातात काही नव्हतं. पुढच्या वेळी फोटो आणि बिल घेऊन गेले, पैसे परत मिळाले. दुकानाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

गावी जाताना

वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडून बघत बसू नका. बंद ठेवलेला गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. ही वेळ दोनदारी फ्रिजच्या कप्प्याची, एकदारीतला छोटा कप्पा त्याआधीच सुटतो.

दिवाळीला सांगली-साताऱ्याला आठवडाभर गेलात तर मागे वीज किती वेळ गेली हे कळायला मार्ग नसतो. त्यासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून वाटी कप्प्यातच राहू द्या. परत आल्यावर चप्पल काढण्याआधी ती वाटी बघा. नाणं वरच असेल तर पाकिटं खाण्यासारखी आहेत. बुडून तळाशी गोठलेलं असेल तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, पाकिटं कितीही कडक लागली तरी कप्पा रिकामा करा.